काट्यावर भरवसा नको : यकृत, चरबी आणि अंगावरचं मांस

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीपुढे कापसाच्या खरेदीचा विषय आहे, विजेचा आहे, पीक विम्याचा आहे. ते सगळे होतील. त्याआधी अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे. आम्ही काही डॉक्टर नाही. तुमच्यासारख्याच कोरडवाहू घरातली, गावात आरोग्याचं काम करणारी मंडळी आहोत. डॉक्टर लोक जे आपसात बोलतात आणि आपल्यापर्यंत नीट पोचत नाही, ते आपल्या भाषेत सांगावं, एवढ्यासाठी उभे आहोत.

विषय आहे यकृताचा. यकृत म्हणजे लिव्हर. बकऱ्याची कलेजी म्हणतो ना, तोच आपल्या पोटातला अवयव. उजव्या बरगडीखाली असतो, वजनाला सव्वा ते दीड किलो. या यकृताचं अंगावरच्या चरबीशी काय नातं आहे आणि अंगावरच्या मांसाशी काय नातं आहे, एवढंच आज बघायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हा शेटजींचा रोग. गादीवर बसून तूप खाणाऱ्याच्या यकृताला चरबी लागेल. ज्वारीची भाकरी खाऊन उन्हात राबणाऱ्याच्या अंगावर चरबी आली कुठून? आम्हीही हाच प्रश्न घेऊन सुरुवात करू.

दोन डॉक्टर, एकच वजन

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक नावाचे डॉक्टर आहेत. मधुमेहावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी मिळून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक पानभर मजकूर छापला. सोबत दोघांचा फोटो. उंचीच्या मानाने वजन किती, याचा जो आकडा डॉक्टर काढतात तो दोघांचा अगदी सारखा होता, २२.३. बाहेरून बघणारा म्हणेल, दोघंही सडपातळ. पण यंत्राने मोजलं तेव्हा गोऱ्या डॉक्टरांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के.

वजन सारखं आणि चरबी दुपटीहून जास्त. मग आपल्या माणसाच्या अंगात कमी काय होतं? मांस कमी होतं. स्नायू कमी होते.

हे काही एका डॉक्टरांपुरतं नाही. १९९३ पासून याज्ञिकांच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, हडकुळ्या बाया. त्यांची लेकरं जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधली लेकरं साडेतीन किलोची. लेकरू लहान, म्हणजे सगळंच त्या प्रमाणात लहान असायला हवं. पण तसं नव्हतं. स्नायू फार कमी होते आणि पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. पोटातल्या लेकराला अन्न कमी पडलं की शरीर आधी मेंदू वाचवतं, चरबीची थोडी शिदोरी बांधून ठेवतं आणि काटछाट करतं ती मांसात. आई अर्धपोटी राहते तिचा भुर्दंड लेकराला मांसाच्या रूपाने भरावा लागतो.

म्हणून आपल्याकडे हात-पाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, असा माणूस गावोगाव दिसतो. आपण त्याला वाळका म्हणतो. त्याचं वजनही कमीच भरतं. पण त्याच्या पोटात चरबी असू शकते आणि यकृतातही असू शकते.

याचाही पुरावा आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत कोलकात्याच्या डॉक्टरांनी सुमारे एकोणीसशे माणसं तपासली. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. ही माणसं गरीब, बहुतेक अंगमेहनतीची कामं करणारी, सरासरी बांधा बारीक. तरी दर शंभरात जवळजवळ नऊ जणांच्या यकृतात चरबी सापडली. त्या नऊ जणांतले चारात तीन लठ्ठ तर नव्हतेच, सुटलेल्या अंगाचेही नव्हते. तेव्हा ‘आम्ही राबतो, आम्हाला काय होतंय’ हे बोलणं आता सोडलं पाहिजे.

पोटावरची चरबी यकृतात कशी उतरते?

चरबी दोन जागी साठते. एक कातडीखाली, ती चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती. ही आतली चरबी जास्त त्रासाची, कारण आतड्याकडून जाणारं रक्त थेट यकृतात शिरतं. या चरबीतून जे सुटतं ते रस्त्यात कुठे न थांबता यकृताच्या दारात येऊन पडतं.

फॅटी लिव्हर झालेल्या माणसांच्या यकृतातली चरबी नेमकी कुठून आली, याचा माग अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली काढला. जवळजवळ साठ टक्के चरबी शरीरात आधीच साठलेल्या चरबीतून आली होती. पाव हिस्सा यकृताने स्वतः साखर-पिठापासून बनवला होता. ताटातल्या तेल-तुपातून थेट आलेला वाटा फक्त पंधरा टक्क्यांच्या आसपास होता. भाजीतलं तेल बंद केलं की यकृत साफ, असं आपल्याकडे मानतात. पण हिशोब तसा लागत नाही.

आता त्या पाव हिश्श्याकडे बघा. साखर-पिठाची चरबी यकृत का बनवतं? जेवण झालं की रक्तात साखर येते. या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. मांड्या, पिंढऱ्या, दंड, पाठ. इन्सुलिनने दार उघडलं की स्नायू साखर आत ओढून घेतात आणि साठवतात. धडधाकट माणसाच्या यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर साठते, स्नायूंत मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास. मोठं गोदाम स्नायूंचं आहे.

हे गिऱ्हाईकच बाजारात कमी झालं तर? स्नायू थोडे असले, किंवा वापर नसल्याने इन्सुलिनला दाद देईनासे झाले, तर तो माल पडून राहतो. पडलेला माल यकृताकडे वळतो आणि यकृत त्याची चरबी करून ठेवतं. म्हणजे मांस कमी झालं की यकृताचं ओझं वाढतं. फॅटी लिव्हर असलेल्यांत ज्यांचे स्नायू कमी, त्यांच्या यकृताला व्रण पडण्याचं प्रमाणही जास्त, असं कोरियातल्या अभ्यासांत दिसलं आहे.

यकृतात पाच टक्क्यांहून जास्त चरबी झाली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांचं तेवढ्यावरच राहतं. काहींच्या यकृताला सूज येते, सुजेचे व्रण पडतात, व्रणांची जाळी होते आणि मऊ यकृत गाठाळ, निबर होतं. तो सिरोसिस. दारूने होतो, हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी होतो आणि या चरबीनेही होतो. ज्याच्या यकृतात चरबी आहे आणि जो दारूही पितो, त्याचं यकृत दोन्ही बाजूंनी जळतं. दारूचं आणखी एक आहे. ती यकृताबरोबर स्नायूही खाते, आणि पिणाऱ्याची जेवणाची वासनाही मारते.

सिरोसिस म्हणजे बैल विकून घर चालवणं

इथपर्यंत चरबीची गोष्ट झाली. आता मांसाची, आणि आज आम्हाला मुख्यतः हीच सांगायची आहे. कारण चरबी यकृत बिघडवते हे आता बरेच लोक बोलतात, पण यकृत बिघडल्यावर माणूस मांसाने संपतो हे फार थोडे सांगतात.

रात्री आपण झोपतो. आठ-दहा तास पोटात काही नसतं. तरी मेंदूला साखर लागतेच. ती कोण पुरवतं? यकृत. दिवसा भरलेल्या कणगीतून रात्रभर थोडं थोडं काढून देतं. स्नायूंकडे साठा मोठा आहे, पण तो त्यांच्या स्वतःच्या कामाचा. तिथली साखर परत रक्तात सोडता येत नाही.

सिरोसिसच्या माणसाच्या यकृताची ही कणगीच फुटलेली असते. साठा राहत नाही. मध्यरात्रीच घरातलं संपतं. मग शरीर काय करतं? दुष्काळात आपण करतो तेच करतं. कणगी रिकामी झाली की आपण बैल विकतो. शरीर मांस विकतं. स्नायू मोडायचे, त्यातली प्रथिनं काढायची, त्यांची साखर करायची आणि सकाळ गाठायची. धडधाकट माणूस दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिला तर त्याच्या अंगाची जी अवस्था होते, ती सिरोसिसच्या रुग्णाची एका रात्रीत होते. हे १९८० च्या दशकातच डॉक्टरांना कळलं होतं.

एका रात्रीचं एवढं. अशा महिन्याच्या तीस रात्री. बैल विकून एक वर्ष निघतं, पुढच्या वर्षी नांगराला काय जुंपणार?

आणि सिरोसिसमध्ये स्नायू नुसते हालचालीला लागत नाहीत. आपण खातो त्या प्रथिनांतून आणि आतड्यातल्या जंतूंमुळे अमोनिया नावाचं विष तयार होतं. धडधाकट यकृत ते निकामी करून लघवीवाटे बाहेर पाठवतं. यकृत थकलं की हे काम स्नायू अंगावर घेतात. रक्तातला अमोनिया ते आपल्यात बांधून ठेवतात. म्हणजे थोरला भाऊ आजारी पडला की धाकट्याने नांगर धरावा, तसं. स्नायूच झडले तर अमोनिया मेंदूत जातो. माणूस बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात थरथरतात, शेवटी शुद्ध हरपते. आणि हा वाढलेला अमोनिया परत स्नायूंची वाढ रोखतो. असं हे चक्र आहे.

हे किती जणांचं होतं? २०२२ साली बावीस अभ्यास एकत्र मांडून, सिरोसिसच्या सुमारे सात हजार रुग्णांचा हिशोब काढला गेला. दर आठ रुग्णांत तिघांचे स्नायू धोक्याच्या खाली झडलेले होते. आणि ज्यांचे झडले होते त्यांना मरणाचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त होता.

ओल्या कापसाचं वजन

मग घरच्यांच्या हे लक्षात का येत नाही? कारण काटा फसवतो.

ओला कापूस काट्यावर जड भरतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. व्यापारी ढिगात हात घालतो आणि ओलाव्याची कपात लावतो. सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटात पाणी होतं, पायावर सूज येते. पाच-पाच, दहा-दहा किलो पाणी अंगात असतं. काट्यावर वजन गेल्या वर्षीइतकंच. घरचे म्हणतात, वजन तर आहे की! पण आत मांस गेलेलं असतं आणि त्याच्या जागी पाणी भरलेलं असतं. रुग्णाच्या वजनातून ओलावा वजा करायला आपण शिकलं पाहिजे.

त्यासाठी यंत्र लागत नाही. कानशिलाकडे बघा, खड्डे पडलेत का. गळ्याखालची हाडं, खांदे, दंड बघा. पोट मोठं आणि दंड काडीसारखे झाले असतील तर मांस जातंय. शिंप्याच्या टेपने पिंढरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुषाची ३४ सेंटिमीटरच्या खाली आणि बाईची ३३ च्या खाली असेल तर शंका घ्यावी. पायावर सूज असेल तर मात्र हे माप खरं धरू नका. साध्या खुर्चीवर हात छातीशी बांधून बसवा आणि पाच वेळा उठायला-बसायला सांगा. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पायात जोर राहिलेला नाही. ही आशियातल्या डॉक्टरांनी २०१९ साली ठरवलेली मापं आहेत. महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहून ठेवा.

पथ्याच्या नावाखाली उपासमार

आता आमच्या मायबहिणींशी बोलायचं आहे, कारण रुग्णाचं ताट त्यांच्या हातात असतं.

घरात कोणाला कावीळ झाली, लिव्हर बिघडलं असं कळलं की पहिलं काय होतं? डाळ बंद. दूध बंद. अंडं-मटण तर बंदच. तेलाची फोडणी बंद, हळदीने पिवळं होतं म्हणून हळद बंद. उरतं काय? उसाचा रस, मुरमुरे, साखर-पाणी, मऊ भात. मायेने चाललेलं असतं सगळं. पण त्या माणसाचा देह मांस विकून रात्र काढतोय आणि आपण त्याच्या ताटातून मांस बांधणारं अन्नच काढून घेतोय.

हा समज नुसता गावठी नाही. १९५० च्या दशकापासून मोठमोठ्या डॉक्टरांनीही अमोनियाच्या भीतीने प्रथिनं तोडायला सांगितलं होतं. ते वर्षानुवर्षं चाललं. मग बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी ते पारखून पाहिलं. सिरोसिसने शुद्ध हरपलेल्या तीस रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची प्रथिनं तोडली, दुसऱ्याला पूर्ण दिली. २००४ साली निकाल आला. शुद्धीवर येण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. पण ज्यांची प्रथिनं तोडली त्यांच्या अंगातलं मांस जास्त मोडलं. म्हणजे तोडून फायदा काही नाही, नुकसान मात्र पदरात.

आज जगभरचे यकृताचे डॉक्टर सांगतात की सिरोसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळालीच पाहिजेत. हे वजन पाणी वजा करून धरायचं. आणि आपल्या फायद्याची गोष्ट अशी की मटणापेक्षा डाळीची आणि दुधाची प्रथिनं अशा रुग्णाला जास्त मानवतात. ती आपल्याच वावरात आणि गोठ्यात आहेत.

चला, हिशोब मांडू. माणूस साठ किलोचा. साठ गुणिले १.२ म्हणजे रोज ७२ ग्रॅम प्रथिनं. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला दहा. दिवसभरात तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर तीस ग्रॅम. तुरीच्या डाळीत शंभराला बावीस. दोन्ही वेळची मिळून पाऊणशे ग्रॅम डाळ, तिचे सोळा. अर्धा लिटर दुधाचे सोळा. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांचे सात. बेरीज एकोणसत्तर. वरून एक अंडं खात असेल तर त्याचे सहा, नाही तर थोडं पिठलं. झाला हिशोब पुरा. ज्वारीत जे उणं असतं ते डाळ भरून काढते, म्हणून भाकरीला वरण, पिठलं, मटकी-मुगाची उसळ काहीतरी हवंच. यात विलायती पावडरीचा डबा कुठेच लागला नाही. लागलं ते एवढंच की सगळं दूध डेअरीला न घालता अर्धा लिटर घरी ठेवावं लागेल आणि सगळी तूर न विकता वर्षाची डाळ बाजूला काढावी लागेल.

शेंगदाणे मात्र निवडून घ्या. बुरशी आलेला, काळवंडलेला, खवट दाणा टाकून द्या. त्या बुरशीचं विष थेट यकृतावर जातं. आणि पोटात पाणी झालं असेल तर मीठ कमी. लोणचं, पापड, खारवलेले पदार्थ दूर ठेवा. भाकरी-वरण दूर ठेवू नका.

झोपतानाची दूध-भाकरी

एक गोष्ट आज इथून घरी न्या. सिरोसिसच्या रुग्णाला झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्या.

आपल्याकडे संध्याकाळी सात-आठला जेवण होतं आणि सकाळी नुसता चहा. पोटभर अन्न मिळतं ते नऊ-दहाला. म्हणजे तेरा-पंधरा तासांचा उपास रोजचा. याच तासांत मांस विकलं जातं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या डॉक्टरांनी सिरोसिसच्या शंभरेक रुग्णांवर प्रयोग केला. सगळ्यांना रोज तेवढाच जादा आहार दिला, अर्ध्यांना दिवसा आणि अर्ध्यांना रात्री नऊनंतर. २००८ साली ते छापून आलं. वर्षभराने रात्री खाणाऱ्यांच्या अंगावर सुमारे दोन किलो मांस चढलं होतं. दिवसा खाणाऱ्यांना तो लाभ झाला नाही. अन्न तेच होतं, वेळ बदलली होती.

पेरणीचंही असंच असतं. बी तेच, वाफसा साधला तर उगवतं.

आपण काय द्यायचं? वाडगाभर दुधात कुस्करलेली भाकरी. किंवा दूध आणि एखादा शेंगदाण्याचा लाडू. मधुमेह असेल तर गोड नको, भाकरी आणि घट्ट वरण चालेल, डॉक्टरांना विचारून. आणि सकाळी उठल्याबरोबर चहाच्या जोडीला खायला द्या. दिवसा दोन-तीन तासांनी थोडं थोडं. पोटात पाणी असलेल्याला एकदम भरपेट जात नाही, म्हणून ताट लहान आणि वेळा जास्त.

उपासाचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. सोमवार, एकादशी, चतुर्थी, नवरात्र. श्रद्धा ज्याची त्याची, आम्ही त्यात पडत नाही. पण सिरोसिसच्या माणसाने उपास धरू नये. त्याच्या वाटचा घरातल्या दुसऱ्या कोणी धरावा. आणि साबुदाण्याने पोट भरलं तरी अंगाला काही लागत नाही, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

ज्याचं नुसतं पोट सुटलंय त्याने काय करायचं?

आता कोणी म्हणेल, मघाशी चरबी वाईट सांगितली आणि आता खा म्हणताय. दोन्ही खरं आहे, माणूस कोणता ते बघा.

ज्याचं यकृत अजून निबर झालेलं नाही, नुसती चरबी आहे, त्याने पोट कमी करायचं. कमरेचं माप पुरुषाचं ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईचं ८० च्या आत असावं. क्युबामध्ये २०१५ साली फॅटी लिव्हरने सूज आलेल्या जवळजवळ तीनशे रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास छापून आला. आहार आवरून आणि चालून ज्यांनी आपलं दहा टक्के वजन उतरवलं, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांची यकृताची सूज पूर्ण गेली. व्रणसुद्धा जवळजवळ निम्म्यांचे मागे हटले. सत्तर किलोच्या माणसाने वर्षात सात किलो उतरवायचे, एवढी गोष्ट. मुळात बारीक बांध्याच्याला तीन ते पाच टक्क्यांनीही फरक पडतो.

पण उतरवायची ती चरबी. महिनाभर उपाशी राहून, डाळ-दूध तोडून वजन उतरवलं तर मांसही जातं, आणि मांस गेलं की ते साखरेचं गिऱ्हाईक गेलं. तेव्हा तोडायचं असेल तर दारू तोडा, टपरीवरचा दिवसातला पाचवा गोड चहा तोडा, थंड पेयाच्या बाटल्या, भजी, बिस्किटं, फरसाण तोडा. भाकरी-वरण-भाजी राहू द्या.

आणि अंगाला काम द्या. पूर्वी वखर-नांगर हाताने होता, पाणी डोक्यावर होतं, बाजार पायी होता. आता ट्रॅक्टर आला, फटफटी आली, तणनाशक आलं. चांगलंच झालं, कष्ट कमी झाले. पण उलंगवाडी झाल्यापासून मृग निघेपर्यंत आपल्यातले किती पुरुष पारावर बसून असतात ते आपलं आपण मोजावं. त्या दिवसांत रोज तासभर झपझप चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा मांड्या-दंडांना ताण बसेल असं काम, उठाबशा, ओझं उचलणं, हे ठेवलं पाहिजे. सिरोसिसच्या रुग्णालाही खाटेवर पाडून ठेवू नका. डॉक्टर हो म्हणत असतील तर अंगणात चालवा, खुर्चीतून उठवा-बसवा. अमेरिकेत २००७ साली धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवून पाहिलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं होतं. आजारी माणसाचं काय होत असेल?

घरी गेल्यावर

चार कामं करा.

एक. ज्याला मधुमेह आहे, ज्याचं पोट सुटलंय किंवा जो दारू पितो, त्याने रक्त तपासून घ्यावं. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे तीन आकडे आणि आपलं वय, यावरून डॉक्टर फिब-४ नावाचा हिशोब काढतात. १.३ च्या खाली आला तर यकृत बहुधा निबर झालेलं नाही, साठी-पासष्टीपुढे ही मर्यादा २ धरतात. वर आला तर पुढची तपासणी. सोनोग्राफीत थोडी चरबी दिसत नाही, तेव्हा ‘फोटो साफ आहे’ एवढ्यावर गाडी थांबवू नका. केंद्र सरकारने २०२१ साली फॅटी लिव्हरचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. तेव्हा आरोग्य केंद्रात जाऊन हक्काने विचारा.

दोन. घरात सिरोसिसचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना तोंडावर विचारा : याला रोज प्रथिनं किती द्यायची, रात्री काय द्यायचं? मूत्रपिंडाचा किंवा आणखी कसला आजार सोबत असेल तर हिशोब बदलतो, तो त्यांनी सांगावा. ‘पथ्य पाळा’ एवढ्या उत्तरावर उठू नका.

तीन. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, बरळणं, ताप येऊन पोट दुखणं, यातलं काहीही झालं तर अंगारा-धुपारा आणि ‘सकाळी बघू’ नको. त्याच रात्री दवाखाना गाठा. बरळणाऱ्याची डाळ बंद करून घरी ठेवू नका. त्याचं पोट साफ आहे का ते डॉक्टरांना सांगा, कारण बद्धकोष्ठानेही अमोनिया वाढतो.

चार. घरातली बाई सगळ्यांच्या मागून खरवड खाते, हे थांबलं पाहिजे. पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवलं ते मघाशी सांगितलं. पुढच्या पिढीचं मांस तिच्या ताटात ठरतं. गरोदर लेकी-सुनांना डाळ, दूध, शेंगदाणे पुरुषांच्या आधी वाढा.

मांस म्हणजे शरीराचं मुद्दल. ते एकदा खाल्लं की परत उभं करायला फार वर्षं लागतात, हे कर्जबाजारी झालेल्या माणसांना आम्ही वेगळं काय सांगणार? आपापल्या गावात असा एखादा रुग्ण असेलच. परवाच्या दिवशी त्याच्या घरी जा, त्याच्या दंडाकडे बघा आणि घरच्यांना विचारा, रात्री झोपताना याला काय देता?

आता अध्यक्षांनी कापसाचा विषय घ्यावा. राम राम.